बनुबाईचा फोटो

आमच्या वहिनीला बसता म्हणून येत नसे. पाय दुखायचे असं नव्हे हो, बूडच टेकत नसे बाईचं. चहा उभ्यानं, जेवण उकिडवं, आणि गप्पा मारायच्या तर चौकटीत एक पाय आत, एक बाहेर. पायाला भिंगरी म्हणतात ना, ती हिच्याकडूनच उसनी नेली असावी. नाव क्षमा, पण फोटोला समोर बसलेल्या माणसाचा एक खांदा खाली दिसला तरी क्षमा नाही. मामलेदार असो नाहीतर हमाल, पुढं होऊन दोन्ही हातांनी खांदे धरायची आणि सरळ करायची. परक्या पुरुषाचे खांदे! मी पडद्याआडून कपाळाला हात लावायची.

मी तिची नणंद. माझं लग्न जमलं नाही, मी भावाकडंच राहिले, आणि त्याबद्दल कुणी हळहळू नये. भाऊ म्हणजे विष्णुपंत. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ. डार्करूममधल्या औषधांच्या वासानं त्याचा दमा बळावला, तेव्हा कॅमेरा वहिनीनं उचलला. सांगली-मिरजेत तोवर कॅमेऱ्यामागं बाई उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. लोक म्हणाले, नवरा खोकतोय आणि ही मिरवतेय. म्हणोत बापडे. गावाच्या तोंडाला झाकण कुठून आणायचं?

पण गंमत अशी, की ज्या घरांत फोटोग्राफरला ओसरीच्या पुढं पाऊल टाकू देत नसत, तिथं वहिनी थेट चुलीपर्यंत जायची. तासगावच्या बागायतदारांच्या सुना, फलटणकडच्या गोषातल्या लेकी, सगळ्या तिच्यापुढं बिनधोक बसायच्या. आणि एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हा तर काय विचारता! सातारा-सांगलीच्या गावागावांतली पोरं सीमेवर. त्यांना फोटो पाठवायचा म्हणून बायका एस्टी भरभरून यायच्या. कडेवर तान्ही पोरं, बापानं अजून न पाहिलेली. मी पावडर, फणी आणि आरसा घेऊन उभी. वहिनी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखालून ओरडायची, "ए पोरी, मी तुझा नवरा आहे असं समज. बघ इकडं आणि सांग मनातलं." पोरगी लाजायची, मग एकदम डोळे भरून बघायची, आणि तेवढ्यात खटका.

लढाई संपली. दोनेक महिने गेले असतील. उन्हं तापायला लागली होती, विहिरी आत्ताच तळ दाखवायला लागल्या होत्या. एका दुपारी दारात एक उंच जवान येऊन उभा राहिला. मिशी अशी की दोन्ही टोकांना लिंबू ठेवावं. पण पायात चप्पल नाही.

"बाई, वळखलं का? मी अर्जुना. पलूसच्या पुढं, नदीकाठाला आमचं गाव. माज्या लग्नाचं फोटू तुमीच काढलंतं."

वहिनीनं मान हलवली. तिला नाव आठवत नसे, चेहरा कधी विसरत नसे. "तुझी आई बनुबाई. मला चुलीपुढं बसवून गरम भाकरी वाढली होती. बरी आहे ना?"

तो बोटानं उंबऱ्याची धूळ काढत राहिला. मग कळलं. बनुबाईला ताप भरला आणि मेंदूत गेला. तार त्याला उशिरा मिळाली. तो पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. घरात दिवा लावलेला, आणि दिव्यामागं नुसती भिंत.

"सुतकात आहेस?" मी विचारलं. "मग बाबा, तिथंच थांब पायरीवर."

"वन्सं, गप्प बसा हो," वहिनी म्हणाली, आणि हाताला धरून त्याला आत घेतलं.

"बाई, मला आईचा फोटू पायजे," अर्जुना म्हणाला. "लग्नातल्या फोटूंत ती असंलच की कुठंतरी. तिचा आवाज येतोय मला. हाक मारती ती समदी ऐकू येती. पर डोळं मिटलं की तोंड दिसत न्हाई. दोन वर्सं झाली घरला येऊन. लढाईत इतकी तोंडं बघितली, इतकी बघितली, की तिचं तोंड पुसलंच गेलं. आईचं तोंड कोन इसरतं का, बाई? मी इसरलो."

एवढा मोठा गडी, आणि हे सांगताना त्याचा खालचा ओठ लहान पोरासारखा लटलटत होता. मला सुतक-बितक काही सुचेना. आत जाऊन पाणी आणलं.

वहिनीनं त्याच्या लग्नाच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या आणि एकेक उजेडाला धरली. बनुबाई होती, नाही असं नाही. एकीत पाठ, एकीत नाकापर्यंत ओढलेला पदर, एकीत दुसऱ्या बाईच्या मागून नुसता बांगड्यांचा हात. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिच्या डोक्यात घट्ट बसलेलं. कॅमेरा वळला की ही वळायची. एवढी जपली बिचारी, आणि शेवटी आयुष्य कमी ते कमीच.

त्या दिवसापासून वहिनीचं जे सुरू झालं, ते विचारू नका. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलं. स्वयंपाकघरातून दुकानात, दुकानातून माडीवर. "चेहरा माझ्यासमोर होता, वन्सं. एवढा हातभर अंतरावर. भाकरी वाढताना हसलीसुद्धा. आणि माझा कॅमेरा कुठं, तर ओसरीवर, पुरुषांच्या रांगेपुढं! जिथं कुणी दुसरा जाऊ शकत नाही तिथं मी गेले आणि रिकाम्या हातांनी गेले." विष्णुपंत खोकत खोकत म्हणाला, "अगं, खाली बस." ती म्हणाली, "तुम्ही बसलाय तेवढं पुरे."

आमच्या धंद्यात यावर एक उपाय होता. मेलेल्या माणसाचा फोटो नसला, की त्याच्या तोंडावळ्याचं नात्यातलं माणूस आणायचं, त्याचे कपडे याला घालायचे, फोटो काढायचा आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या, गालफडं जुळवून घ्यायची. कितीतरी घरांत हार घातलेले आजे-पणजे आहेत, ते खरे कुणाचे मामा, कुणाचे चुलते, देव जाणे. अर्जुनाला बहीण नव्हती. त्यानं मावशीला आणलं, शालूबाईला. बरोबर बनुबाईचं इरकली लुगडं.

शालूबाई म्हणजे फुटाणा. "माजी भन ग्येली ती ग्येली, आता मला मारताय व्हय फोटू काढून?" असं म्हणत म्हणतच लुगडं नेसली. वहिनीनं तिला दहा वेळा वळवलं, हनुवटी वर केली, खाली केली. रात्रंदिवस पेन्सिल चालवली. नाक लांब केलं, गाल भरले. प्रत वाळली तेव्हा मला तरी ती झकास वाटली. अर्जुना आला, त्यानं दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ पाहिली. आणि अगदी हळू म्हणाला, "चांगला हाय फोटू. पर ही मावशी हाय."

वहिनीनं प्रत त्याच्या हातातून घेतली आणि टराटरा फाडली. तो घाबरला. "ऱ्हाऊ द्या बाई, लय तरास दिला तुमास्नी," म्हणाला आणि गेला. लुगडं आमच्याकडंच राहिलं, खुर्चीच्या पाठीवर. वहिनी येता-जाता त्याच्याकडं बघायची आणि तोंड फिरवायची.

मग दहावा झाला, तेरावा झाला, आणि अर्जुनाची रजा संपली. तो निघाला त्या दिवशी मिरजेहून गाडी गाठायची म्हणून सकाळीच सांगलीत उतरला. लोखंडी ट्रंक पायरीवर ठेवली. डोक्याला पांढरा रुमाल गच्च बांधलेला, मान खाली.

"लुगडं न्यायला आलोय, बाई. तेवढंच घिऊन जातो."

वहिनी काऊंटरवर फोटोंच्या कडा कापत होती. वर न बघताच म्हणाली, "घे, खुर्चीवर आहे." लाज वाटत होती तिला. हरलेल्या माणसासारखी कात्री चालवत होती.

अर्जुनानं लुगडं उचललं. उचललं आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यात तोंडच खुपसलं. आईचा वास असेल. उभ्या उभ्या हमसून हमसून रडला गडी. डोकं घुसळताना रुमाल सुटून खाली पडला. थोड्या वेळानं त्यानं तोंड वर केलं, तेव्हा लुगड्याचा काठ तसाच कपाळावर आला होता. दहाव्याला नदीकाठी न्हाव्यानं डोकं आणि मिशी, दोन्ही उतरवली होती.

वहिनीच्या हातातली कात्री खाली पडली.

"हलू नकोस," ती किंचाळली. "अर्जुना, जागचा हलू नकोस!"

मला आधी काही समजेना. मग मीही पाहिलं. मी बनुबाईला कधी भेटले नव्हते, पण माझ्यासमोर गावाकडची एक बाई उभी होती, रडून डोळे लाल झालेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आईचं तोंड हा पोरगा स्वतःच्या मिशीखाली घेऊन हिंडत होता.

वहिनीनं आरसा त्याच्या पुढं धरला नाही. आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "आत ये. लुगडं नेसवते तुला."

ते ऐकल्याबरोबर त्याचं रडं गेलं आणि डोळ्यांत आग आली. "आवं बाई, शुद्धीवर हाय का? मी पलटनीतला जवान हाय. मला तमाशातला नाच्या करताय?"

"नाच्या नाही. आई."

"लोकांनी बघितलं तर गावात तोंड दावाय जागा ऱ्हायाची न्हाई मला!"

"तोंडाचंच बोलतेय मी," वहिनी म्हणाली. ती हटली नाही. "तू म्हणालास, आईचं तोंड विसरलो. मी नाही विसरले. ते तुझ्या मानेवर आहे. मिशी तर कृष्णेला वाहिलीस, आता लाज कशाची उरलीय? महिनाभरात मिशी परत येईल आणि आई परत जाईल. मग मी दहा मावश्या उभ्या केल्या तरी यायची नाही. बघ. गाडी चुकवायची नसेल तर लवकर ठरव."

तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाहेर गल्लीत कल्हईवाला ओरडत गेला. मग अर्जुना तसाच भिंतीकडं बघत म्हणाला, "आबास्नी कळता कामा नये. कुणालाच न्हाई."

"नाही कळणार. वन्सं, कुंकू आणा," वहिनी म्हणाली.

मग काय धांदल! सदऱ्यावरूनच लुगडं गुंडाळलं. मिशीच्या जागेवरची कातडी गोरीपान, बाकी तोंड उन्हानं रापलेलं, त्यावर मी गेरू आणि पावडर कालवून लावली. बनुबाई सवाष्ण गेली होती, म्हणून रुपयाएवढं कुंकू रेखलं.  बाप्याच्या कपाळाला असं कुंकू मी जन्मात लावलं नव्हतं. पदर पुढं ओढला, तरी कानशिलाजवळ बोडकं दिसायला लागलं. वहिनीनं इकडं तिकडं बघितलं, कात्री उचलली आणि मला विचारलंसुद्धा नाही हो, माझ्या कानशिलावरची पिकली बट कचकन कापली! डिंक लावून त्याला चिकटवली. "अगं बये!" मी ओरडले. "तुमचे पुन्हा येतील," ती म्हणाली. म्हणजे त्या फोटोत जे पांढरे केस आहेत ते माझे आहेत, हे लक्षात असू द्या.

स्टुलावर अर्जुना बसला. परेडला उभा राहावा तसा ताठ. वहिनी फडक्याखाली गेली आणि लगेच बाहेर आली. "असा नको. अर्जुना, रजा संपवून तू एस्टीत बसायचास, तेव्हा आई कुठं उभी असायची?"

"खिडकीखाली."

"रडायची?"

"न्हाई. रडायची न्हाई ती." तो आठवायला लागला. "शेंगांचं गठुडं घेतलं का, पानी घेतलं का, गुंडी लाव वरची... असं समदं नुसतं बघूनच इचारायची. गाडी हालली की तोंड उघडायची, आन् काय बोलायची न्हाई."

"तसं बघ," वहिनी म्हणाली. "मी गाडीत बसलेय. मी अर्जुना आहे. गाडी हलली बघ."

त्यानं वर पाहिलं. ओठ जरासे उघडले. काय सांगू, मला मूल नाही, बाळ नाही, पण त्या नजरेपुढं मला वाटलं, आपलीही वरची गुंडी उघडी राहिलीय की काय. खटका वाजला. अर्जुनानं पदरानंच तोंड पुसलं, कुंकू फरपटलं, आणि तो उठून मोरीत गेला. तोंड धुऊन, ट्रंक उचलून जो निघाला तो मागं न बघता. गाडी मिळाली त्याला.

प्रत निघाली. पेन्सिल फार चालवावी लागली नाही, चार सुरकुत्या आणि जबड्याची कड मऊ केली, एवढंच. एक लहान फोटो वहिनीनं सीमेवर पाठवला. मोठा चौकटीत घालून आम्ही दोघी एस्टीनं गावी घेऊन गेलो. सबंध वाट ती दांड्याला धरून उभी, जागा असून.

अर्जुनाचा बाप, नाथाजी, सोप्यात बसला होता. वहिनीनं चौकट त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं ती मांडीवर ठेवली, उपरण्यानं काच पुसली, आणि बघत राहिला. आम्हाला वाटलं, आता रडेल. तो भडकला!

"ही कवा ग्येलती सांगलीला?"

मी वहिनीकडं पाहिलं.

"बाजाराला जायाचं तरी मला इचारून जायाची. तिकटीवर ग्येली तरी सांगून जायाची. आन् शहरात जाऊन फोटू काढून आली, आन् मला ठावं न्हाई? जन्मभर सौंसार केला आमी!" त्याचा आवाज फाटला. "माज्यापासनं का लपवलं हिनं? मी काय नगं म्हनलो असतो?"

मी तोंड उघडणार होते. वहिनीनं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं होतं. शब्द दिला होता ना तिनं.

म्हातारा पुन्हा फोटोकडं वळला.  मग राग उतरला की काय, हळूच म्हणाला, "ही माज्याकडं बघत न्हाई. एस्टी सुटताना पोराकडं अशी बघायची ही." आणि वहिनीकडं मान वर करून विचारलं, "पोरगा हुता का तितं?"

"होता," वहिनी म्हणाली. "तिथंच होता."

"मंग ऱ्हाऊ द्या," नाथाजी म्हणाला, आणि चौकट छातीशी धरून आत गेला.

म्हाताऱ्याचं निभावलं, पण वहिनीचं नाही. ती आणखीनच बिथरली. भांडी घासताना थांबायची, "वन्सं, मी खोटं बोलले का हो?" फुलं वेचताना, "जिवंतपणी नवऱ्यापासून काही लपवलं नाही त्या बाईनं, आणि मी तिला मेल्यावर लपवाछपवी करायला लावली. नवऱ्याच्या मनातून उतरली असेल ती." मी म्हणायची, अगं, झालं ते झालं. पण ऐकेल तर वहिनी कसली! पोराला आई दिली आणि बापाची बायको हिरावली, हेच तिचं पालुपद. सबंध दुष्काळाचं वर्ष तिनं असं येरझाऱ्या घालत काढलं.

पुढच्या वर्षी दारात एक उंच जवान उभा राहिला. अंगावर लष्करी कपडे, केस बारीक कापलेले. ओठावर मिशीचा पत्ता नाही.

"अर्जुना?" वहिनी काऊंटरला वळसा घालून पुढं आली. "मिशी कुठाय रे तुझी?"

"ठिवली न्हाई, बाई. पलटनीत लय हसत्यात. म्हनत्यात, मराठा गडी आन् बिनमिशीचा? हसू द्यात." तो लाजला. "सकाळी दाढी करायला आरसा टांगतो, तवा दिसती. डोळं मिटलं तरी दिसती आता."

 वहिनीनं वर्षभर मनात अडकलेलं विचारलं, "आणि वडील? त्यांना..."

"मी काय बोललो न्हाई," अर्जुना म्हणाला. "परवा घरात पाऊल टाकलं. आबा माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायलं. जेवताना घास हातात तसाच. भिंतीवरच्या फोटूकडं बघायचं, परत माज्याकडं. मी म्हनलो, आबा, ठिवतो मिशी, बरं दिसत न्हाई गावात. तर म्हनलं, नगं, ऱ्हाऊ दे असंच. जेवन झाल्यावर फोटूफुडं जाऊन उभं ऱ्हायलं, आन् तिला म्हनलं, उगंच रागावलो गं तुज्यावर."

 विष्णुपंत खोकायचा थांबला.

"बस," वहिनी म्हणाली. "तुझा फोटो काढते. तुझा, असा." तिनं त्याला स्टुलावर बसवलं, दोन्ही हातांनी खांदे धरले, ते सरळच होते, तरी धरले. मग ती काळ्या फडक्याखाली गेली.

गेली ती बाहेर येईना. अर्जुना ताठ बसलेला, मी फणी घेऊन उभी. फडकं हलत होतं. जी बाई कुठं घटकाभर टिकत नसे, ती त्या फडक्याखालून निघायला तयार नव्हती.

"अगं वहिनी," मी म्हटलं, "माणूस खोळंबलाय ना!"

"थांबा हो वन्सं," आतून भरल्या आवाजात उत्तर आलं. "दिसत नाहीये मला काही."